हातचा खाणारं यंत्र

नवऱ्याने ती लाकडी पेटी घरात आणून ठेवली, तेव्हा तिचं झाकण उघडायच्या आतच मी मनातल्या मनात दोन परकर आणि एक पोलकं शिवून मोकळी झाले होते. लग्न ठरताना सासरकडून शिवणयंत्राचं कबूल झालं होतं, आणि पेटीचा आकार तर तस्साच. झाकण उघडलं. आत काळंकुळकुळीत लोखंडी धूड, एका अंगाला दांडा, समोर आकड्यांच्या बारीक बारीक खिडक्या. मी चारी बाजूंनी वाकून पाहिलं आणि विचारलं, "याची सुई कुठं हाये?"

नवरा म्हणाला, हे गणिताचं यंत्र आहे. मी म्हटलं, बरं, पण सुई?

मी तेव्हा सोळा वर्षांची होते आणि जगातलं सगळं मला कळून चुकलं होतं. आता पंच्याऐंशी उलटली, तरी तेवढं कळणं पुन्हा कधी जमलं नाही.

ही पंचावन्न-छप्पन्न सालची गोष्ट. नवरा जमीनमोजणीच्या एका फिरत्या तुकडीत लागला होता, तात्पुरता. तुकडीचा मुक्काम वाशिमकडच्या मालेगावला. साखळीवाले दिवसभर वावरं मोजायचे आणि लांबी-रुंदी चिठ्ठीवर लिहून आणायचे. नवऱ्याने ती गुणायची आणि वावराचं क्षेत्र रजिस्टरात मांडायचं. साखळीला साखळीने गुणलं की गुंठा, चाळीस गुंठे झाले की एकर. एवढंच त्याचं काम, आणि त्यासाठी ते यंत्र. तुकडीचं हापीस म्हणजे टिनाची एक खोली. तिथे बकऱ्या शिरून कागद खायच्या, म्हणून यंत्र आमच्या भाड्याच्या खोलीत राहायचं आणि नवरा आमच्याच ओसरीवर बसून दांडा फिरवायचा.

त्या खोलीबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझं सासर धनजचं. माणसं चांगली, माझी कुणाबद्दल तक्रार नाही. फक्त ती सगळी एकाच वेळी घरात असायची. सासू, दोन जावा, एक चुलतसासू. चूल एक आणि तिच्यापुढे चौघी, मी पाचवी. लग्न झाल्यापासून त्या घरी मी एकदाही भाजीत माझ्या हाताने मीठ टाकलं नव्हतं. मालेगावला आल्यावर पहिल्यांदा चूल माझी झाली. पहिले आठ दिवस मी केवळ आनंदापोटी प्रत्येक भाजी खारट केली. नवऱ्याने मुकाट्याने खाल्ली. ती नोकरी गेली तर बिऱ्हाड उचलून परत धनज, हे मला चुलीपुढे बसल्या बसल्या रोज आठवायचं.

आमची घरमालकीण एक म्हातारी होती. सगळं गाव तिला बुढी म्हणायचं, आणि तीही स्वतःला बुढीच म्हणायची. ओसरीच्या खांबाला टेकून ती नवऱ्याचं काम बघत राहायची. तिसऱ्या दिवशी मला आत येऊन म्हणाली, "काय वं पोरी, तुया नवरा दिसभर दांडा फिरवते, पन पीठ तं एक चिमूट पडून नाही राह्यलं."

मी तिला सांगितलं की त्यातून आकडे निघतात.

"मंग आकडे खाऊन राह्यले का तुमी?"

बुढीने सुस्कारा टाकला आणि मूठभर ज्वारीचं पीठ देऊन गेली.

नवऱ्याचा मात्र त्या यंत्रावर देवापेक्षा जास्त विश्वास. संध्याकाळी चहा पिता पिता तो मला त्याचं खानदान सांगायचा. तीनशे वर्षांपूर्वी फ्रान्सात एक विशी न गाठलेला पोरगा होता. बापाला सरकारी कराची आकडेमोड करता करता मान वर करायला फुरसत नसायची, म्हणून त्याने दातेरी चाकांची पेटी बनवली. एक चाक नवावरून शून्यावर आलं की शेजारचं चाक आपोआप एक घर पुढे. म्हणजे माणसाने लक्षात ठेवायचा तो हातचा, तो पेटीनेच धरायचा. मग जर्मनीतल्या एका पंडिताने लांबड्या दातेरी नळ्या घालून गुणाकार करणारी पेटी केली. ती दिसायला फार देखणी होती, पण हातचा नेमका ऐन वेळी विसरायची. असं करत करत शे-दोनशे वर्षं लोक त्या हातच्याच्याच मागे लागले, कारण आकडे फिरवणं सोपं, हातचा नेऊन पोचवणं कठीण. शेवटी कुणीतरी दाते आतबाहेर सरकणारं चाक काढलं, आणि त्याच घराण्यातलं हे आपलं. दांडा पुढे फिरवला की बेरीज, मागे फिरवला की वजाबाकी, सातने गुणायचं तर सात फेरे.

मी चौथी पास होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, हे सगळं वडिलांनी तोंडपाठ करून घेतलेलं. त्यामुळे हातचा धरायला एवढे देश कशाला लागले हे मला समजेना. मी तसं बोलून दाखवलं. नवरा म्हणाला, "माणूस चुकते. हे चुकत नाही." आणि मला ताकीद दिली, यंत्राला हात लावायचा नाही. पुसायचं नाही, हलवायचं नाही, त्यावर काही वाळत घालायचं नाही. शेवटचं त्याने का सांगितलं ते मला माहीत होतं. एकदा मी त्याच्या दांड्यावर ओला टॉवेल टाकला होता.

मग नवरात्र आलं, आणि खंडेनवमी.

त्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची, अवजारांची पूजा. बुढीने सकाळीच तिचा विळा, पावशी, उखळ, मुसळ आणि का कोण जाणे, एक फुटका कंदील धुऊन मांडला होता. शेजारच्या सुताराने करवत आणि रंधा मांडला होता. समोरच्या घरी सायकलीला झेंडूची माळ. नवरा साखळीवाल्यांबरोबर वावरात गेलेला, आणि घाईत पेटीचं झाकण उघडंच राहिलेलं. बुढीने ओसरीवरून डोकावून पाहिलं आणि विचारलं, ज्याच्यावर तुमची भाकर चालते, ते असंच ठेवलं का?

आता सांगा, यात त्या सोळा वर्षांच्या शहाणीने काय करायचं? तिने यंत्र पाटावर घेतलं. ओल्या फडक्याने पुसलं. प्रत्येक खिडकीखाली हळदीकुंकवाचं बोट लावलं, दांड्याला झेंडू बांधला. गूळखोबऱ्याचा नैवेद्य दाखवला. आणि मग, पूजा म्हटली की अक्षता आल्याच, मूठभर अक्षता त्याच्या मस्तकावर वाहिल्या. मस्तकावर आकडे लावायच्या खिट्ट्या सरकायच्या लांब फटी होत्या. बहुतेक तांदूळ घरंगळून खाली आले. पण एक लालसर दाणा फटीच्या कडेवर क्षणभर डुगडुगला, माझ्याकडे पाहिल्यासारखं केलं आणि आत गेला.

मी वाकून पाहिलं. अंधार. हात जोडले आणि सगळं आवरून टाकलं. कुंकू पुसलं, झेंडू काढला, नैवेद्य मी आणि बुढीने खाल्ला.

दसऱ्याला सुट्टी. एकादशीला नवरा कामाला बसला आणि वावरं आखडायला लागली.

पहिलं आखडलं ते वाशिमच्या रस्त्याकडच्या एका शेतकऱ्याचं. मोठ्या मिशांचा, शांत माणूस. सतरा साखळ्या लांब आणि साडेतीन साखळ्या रुंद त्याचं वावर. नवऱ्याने दांडा फिरवला आणि मोठ्याने सांगितलं, "साडेएकोणचाळीस गुंठे."

मी आत भाकर थापत होते. हात थांबला. औट सतरे साडेएकोणसाठ. झोपेतून उठवून विचारलं तरी साडेएकोणसाठ. वीस गुंठे, म्हणजे अर्धा एकर, ओसरी आणि चुलीच्या मधे कुठेतरी गायब झाला होता, आणि तो कुठे अडकला आहे हे मालेगावात फक्त मला माहीत होतं.

शेतकरी म्हणाला, "सायेब, बापाच्या वक्तापासून दीड एकर म्हनतो आमी त्याले. यंदा एकरबी भरून नाही राह्यलं. काल पाह्यलं तवा तं सारं जागेवर होतं."

नवऱ्याने पुन्हा दांडा फिरवला. तेच आलं. मग तो म्हणाला की यंत्र चुकत नाही, तेव्हा मोजणी चुकली असेल. सगळे पुन्हा वावरात गेले. सतरा आणि साडेतीन. परत आले, फिरवलं, साडेएकोणचाळीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिसऱ्यांदा मोजताना त्या शेतकऱ्याने बांधावर माणसं उभी केली, मोजता मोजता वावर सरकतंय का ते पाहायला. सरकलं नाही. तरी ओसरीवर आलं की तेवढंच.

दुसरी काही वावरं मात्र बरोबर येत होती, आणि त्यानेच नवऱ्याचा विश्वास वाढत होता. मला आता कळतं, जिथे त्या चाकाला हातचा द्यायचा नसे तिथे उत्तर ठीक, आणि जिथे द्यायचा असे तिथे तांदूळ तो खाऊन टाकायचा. तीनशे वर्षं देशोदेशीच्या विद्वानांनी ज्या एका गोष्टीसाठी डोकं फोडलं, नेमकी ती वाट माझ्या एका अक्षतेने अडवली होती.

मग संशय साखळीवर आला. साखळी उन्हाने वाढली असणार, म्हणजे मोठ्या साखळीने मोजल्यावर वावर कमी भरणार, असं नवऱ्याने ठरवलं. रस्त्यावर साखळी ताणून लाकडी मापाशी ताडून पाहिली. बरोबर निघाली. तेव्हा, पावसाळ्यात लाकूड फुगतं, हेही त्याने ठरवलं. माप दोन दिवस उन्हात ठेवलं. बैलगाड्या थांबून लोक बघायचे. एका साखळीवाल्याचं म्हणणं पडलं की दोष साखळीचा नाही, वावराला मालकाचीच नजर लागली आहे. या सगळ्या दिवसांत एकाही बाप्याने पाटीवर सतरा आणि साडेतीन मांडून पाहिले नाहीत. लोखंडाने जे एकदा सांगितलं ते खडूने कोण खोडणार?

मी बोलले असते. खरंच बोलले असते. पण बोलायचं म्हणजे हात लावला हे सांगायचं, आणि वरचे साहेब कोजागिरीनंतरच्या आठवड्यात रजिस्टर तपासायला येणार होते. सरकारी यंत्र बायकोने बिघडवलं म्हटल्यावर तात्पुरत्या माणसाला कोण ठेवतो? मला डोळ्यांपुढे धनजची चूल दिसायची, आणि तिच्यापुढे पाठमोऱ्या चौघी.

म्हणून मी गुपचूप दाणा काढायच्या मागे लागले. नवरा हापिसात गेला की बुढी आणि मी यंत्र आडवं करून सुपासारखं पाखडायचो. यंत्रातली घंटी वाजायची, दाणा येत नसे. मी अंबाड्यातला आकडा फटीत घातला. आकडा आत राहिला. बुढीचं म्हणणं, नैवेद्य कमी पडला म्हणून ते रुसलं आहे. माझं डोकं मात्र शास्त्राच्या वाटेने चाललं होतं. धनजला मी कोठीत पाहिलं होतं, मुंग्या तांदळाचा अख्खा दाणा ओढत नेतात. एकदा का त्या आत शिरल्या की दाणा बाहेर आणतीलच. मी फटीत गुळाचे चार खडे टाकले आणि भिंतीतल्या वारुळापासून यंत्रापर्यंत साखरेची बारीक रेघ ओढली.

हे लिहिताना मला माझ्या त्या बुद्धीचं अजून कौतुक वाटतं. तिच्यात चूक एकच होती. गूळ असताना तांदूळ कोण उचलतो?

मुंग्या आल्या. गेल्या मात्र नाहीत.

साहेब आले त्या दिवशी सकाळी मी यंत्राचं झाकण घट्ट लावून ठेवलं, जणू झाकण लावलं की मुंग्यांना रजा मिळते. साहेब पन्नाशीचे, चष्मेवाले, आवाज बारीक. ओसरीवर सतरंजी घातली. मिशांचा शेतकरी आणि आणखी चार-पाच आखडलेले मालक खाली उकिडवे बसले. मी दाराआड. नवऱ्याने साहेबांना सगळं सांगितलं, साखळीचं, लाकडाचं, उन्हाचं. साहेबांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, दांडा फिरवा.

नवऱ्याने सतरा आणि साडेतीन लावले आणि फिरवलं. पहिल्या फेऱ्याला घंटी वाजली, जी वाजायची काही गरज नव्हती. तिसऱ्या फेऱ्याला खिडक्यांतून मुंग्या निघाल्या. आधी एकेक, मग रांग करून. साडेएकोणचाळीसच्या आकड्यावरून चालत त्या रजिस्टरावर उतरल्या, आणि साहेबांच्या बाहीवर गेल्या.

मग बुढी म्हणाली, "निंघाल्या बापा आकडे खायाले."

साहेबांनी बाही झटकली आणि बारीक आवाजात नवऱ्याला सांगितलं की सरकारी यंत्राची अशी हेळसांड करणाऱ्या माणसाची खात्याला गरज नाही. सोमवारपासून कामावर येऊ नका.

नवरा उभा राहिला. त्याचा पडलेला खांदा मी दाराच्या फटीतून पाहिला आणि माझे पाय आपोआप उंबऱ्याबाहेर आले. डोक्यावर पदर होता एवढं खरं. बाकी परक्या पुरुषासमोर नव्या सुनेने असं यावं हे धनजला कळतं तर सासूने अंथरूण धरलं असतं.

मी म्हटलं, "सायेब, त्याहिचा कसूर नाई. त्यात तांदूळ हाये. म्या टाकला."

"कायले?"

"पूजा केली. खंडेनवमीले."

साहेबांनी चष्मा काढला. मी धीर धरून पुढचंही सांगितलं, औट सतरे साडेएकोणसाठ होतात, यांचं वावर पूर्वीएवढंच आहे. शेतकऱ्याने मिशीवरून हात फिरवला आणि शेजाऱ्याला म्हणाला, वावर सापडलं. नवरा माझ्याकडे असं बघत होता, जसं मी पहिल्या दिवशी सुई शोधताना यंत्राकडे पाहिलं असेल.

साहेब मात्र माझ्यावर ओरडले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी वेगळंच चाललं होतं. त्यांनी सावकाश विचारलं, "अक्षता टाकल्या की दाना सरळ आत जाते?"

"फट मोठी हाये, सायेब."

"अन् मंग आकडे कमी येतात?"

"सगळे नाई. हातच्याचे."

त्यांनी चष्मा पुसून परत घातला. मग नवऱ्याला एका बाजूला घेऊन जे बोलले ते मला संध्याकाळी कळलं. वरच्या हापिसात याच जातीची दोन यंत्रं होती. दरवर्षी त्यांची पूजा साहेब स्वतः करायचे, सोवळ्याने, भरपूर अक्षता वाहून. गेल्या सालापासून तिथल्या बेरजा जुळत नव्हत्या, आणि त्यापायी त्यांनी दोन कारकुनांची झाडाझडती घेतली होती.

जाताना साहेबांनी हुकूम सोडला. यंत्र दुरुस्तीला नागपूरला जाईल. तोवर सगळी वावरं हाताने गुणायची, आतापर्यंतची रजिस्टरंही पुन्हा तपासायची. तांदळाविषयी वर लिहायची गरज नाही. आणि नवऱ्याला म्हणाले, काम वाढलं आहे, तेव्हा तुम्ही राहा.

त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा एक गोष्ट समजली, जी मी कधी विचारलीच नव्हती. यंत्र नीट चाललं असतं, तर मालेगावचं काम दिवाळीपर्यंत संपत होतं, आणि काम संपलं की तात्पुरता माणूस घरी. नवऱ्याने ते मला सांगितलं नव्हतं, कारण मी खारट भाजी फार आनंदाने करत होते.

दुसऱ्या दिवसापासून तो पाटी घेऊन बसला, आणि कळलं की त्याचे पाढे गेलेले आहेत. दीडकी अर्धी आठवायची, औटकी मुळीच नाही. दांड्याने नेले सगळे. मग तो ओसरीवरून चिठ्ठी वाचायचा आणि मी चुलीपुढून उत्तर द्यायची. तेरा आणि साडेतीन. साडेपंचेचाळीस. अठरा आणि अडीच. पंचेचाळीस. मोठे आकडे असले की मी तव्यावरची भाकर उलटेपर्यंत त्याला थांबवायची. बुढी खांबाला टेकून ऐकायची आणि म्हणायची की हे बरं आहे, निदान भाकर तरी पडते.

मला काम आवडायला लागलं होतं. पण रोज दुपारी टपालवाला दिसला की माझी एक भाकर करपायची. यंत्र दुरुस्त होऊन आलं की पंधरा दिवसांत सगळं आटोपणार, हे मी जाणून होते. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. मी नवऱ्याला विचारायची, नागपूरहून काही आलं का? तो चिठ्ठीवरून मान न उचलता म्हणायचा, दुरुस्तीला वेळ लागतो, नाजूक काम असते.

संक्रांतीच्या सुमारास मी गादी उन्हात टाकायला काढली. खाली एक सरकारी पाकीट सापडलं. यंत्र दुरुस्त झाले आहे, माणूस पाठवून घेऊन जावे. खाली, आत काय काय सापडलं त्याची यादीही होती. कागद घडीवर मऊ पडला होता, बऱ्याच वेळा उघडून पुन्हा मिटल्यासारखा. पत्र येऊन दीड महिना झाला होता.

मी ते होतं तसं घडी करून ठेवलं आणि वर गादी अंथरली. ओसरीवरून आवाज आला, एकवीस आणि साडेतीन. मला तोंडावर होतं. तरी म्हटलं, थांबा जरा, मोजून राह्यली.